गेट उघडलेलं नाही

देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला
की नाशिकरोडच्या आमच्या खिडकीची एकच काच किणकिणते,
डावीकडची, वरची.
पेपरातून डोकं न काढता बाबा म्हणतात, "सराव आहे."
तोवर मी पॅसेजमध्ये जाऊन उभी,
रस्त्याकडून दोन भिंती सोडून,
तामिलाने शिकवलं तशी.

तामिला ट्रॉलीबसची कंडक्टर. खार्किव, डेपो नंबर सहा.
तिची शेवटची फेरी आमच्या हॉस्टेलशी संपायची.
माझ्याकडे सुटे कधीच नसायचे.
उद्या दे, डॉक्टर, म्हणायची.
द्यायचेच राहिले ते. डॉक्टर व्हायचंही.

युद्ध लागलं त्या आठवड्यात तारा रस्त्यावर लोंबल्या,
आणि ट्रॉलीबस म्हणजे शेवटी काय,
तार सुटली की पत्र्याचा डबा.
मग डेपोच्या माणसांनी फाटकात टेबल मांडलं
आणि ड्यूटीच्या वहीत नावं घेतली.
एकतीस.
ड्रायव्हर, फिटर, तिकीट तपासनीस, कँटीनचा युखिम.
एक मकार सर, शाळेत भूगोल शिकवणारे.
ते डेपोचे नव्हतेच,
बस का येत नाही हे विचारायला आत आले होते.
रायफली अकरा. बूट ज्याचे त्याचे.
पहिल्या रात्री त्यांनी चौकात एक बस आडवी घातली,
खिडक्यांत वाळूची पोती,
दारावरची पाटी तशीच: कृपया गर्दी करू नये.

आम्हा सात मुलींना स्टेशनवर सोडलं ते यांनीच.
मकार सरांनी मला विचारलं, तुझ्या गावची नदी कुठली?
गोदावरी, म्हटलं.
पूर्ववाहिनी, ते म्हणाले, आणि मान डोलावली,
जणू तेवढंच तपासून घ्यायचं होतं.

आता मी बिटको चौकातल्या लॅबमध्ये रक्त काढते.
मूठ आवळा. सोडा. झालं.
आणि रात्री तामिलाचे व्हॉइस मेसेज.
भिंती जळतात, म्हणाली, फोन जळतात,
तू लांब आहेस, तू लिहून ठेव.
म्हणून बाबांच्या कपाटातलं कोरं रजिस्टर,
लाल कापडी पाठीचं, त्यात:

नेस्तर, फिटर. पुलाखाली. एप्रिल.
पाचव्या महिन्यात डेपो फौजेत घेतला. वर्दी. क्रमांक.
तामिलाला तो क्रमांक पाठ होत नाही, ती डेपोच म्हणते.
युखिम, डावा पाय. आता घरी. चिडचिड करतो.
दुसरा हिवाळा: तीन नावं, एकाच ओळीत,
तिने एका दमात सांगितली म्हणून.
मग बरेच दिवस काही नाही.
मग: आज सूप बरं होतं.
हेही लिहिलं. कुठल्या रकान्यात, कळेना.

बाबांनी चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
एक शीट कमी भरली तर गेट उघडायचं नाही.
साहेब असो की झाडूवाला, सगळे आतच.
एकदा रात्रभर आले नाहीत.
हिशेब लागला नसेल, म्हणत आईने ताट झाकलं.
पहाटे सापडली शीट, दुसरीला चिकटून बसलेली.

काल त्यांनी रजिस्टर मागितलं.
चष्मा पुसला, बोट ओल्या स्पंजला लावलं, जुनी सवय,
आणि ओळी मोजत गेले.
गेलेले नऊ. घरी परतलेले सहा. अजून तिथे पंधरा.
"तीस होतायत."
पुन्हा मोजले. खालून वर.
"एक कमी आहे गं."

मकार सर, मी म्हटलं. ऑगस्टपासून पत्ता नाही.
फोन लागतो. वाजत राहतो.

"ते डेपोचे नव्हते म्हणालीस ना?"
नाव लिहिलंय, बाबा. वहीत.
"मग मोजायचे," ते म्हणाले.

तेवढ्यात काच किणकिणली.
त्यांची फिरायला जायची वेळ झाली होती,
चपला घातलेल्या होत्या.
त्या काढून ठेवल्या, आणि रजिस्टर घेऊन
पॅसेजमध्ये माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.
पहिल्या पानापासून.